कोयना खोऱ्याची धरणापूर्वीची एक इंची टोपोशीट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठण्याआधी कोयनेचे खोरे कसे होते, हे शोधणाऱ्यांमध्ये धरणग्रस्त कुटुंबांची नातवंडे असतात, डोंगरभटके असतात, इतिहासाचे आणि भूगोलाचे विद्यार्थी असतात. सगळ्यांची गाडी शेवटी सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची टोपोशीटपाशी, म्हणजे जमिनीची ठेवण दाखवणाऱ्या नकाशापाशी, येऊन थांबते. ती हातात आल्यावर जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत.

‘एक इंची’ म्हणजे नेमके काय?

नकाशावरचा १ इंच म्हणजे जमिनीवरचा १ मैल. मैलाचे ६३,३६० इंच होतात, म्हणून प्रमाण १:६३,३६०. मेट्रिकमध्ये १ मिलिमीटर म्हणजे ६३.३६ मीटर. हा आकडा पाठच करा, पुढे प्रत्येक हिशेबात लागतो. टोकदार पेन्सिलीची ०.३ मिमीची रेघ म्हणजे जमिनीवर १९ मीटरचा पट्टा. त्यामुळे ‘आमचे घर नकाशावर नेमके कुठे होते’ याचे उत्तर ही शीट देऊ शकत नाही. गावठाण कुठे होते, ओढ्याच्या कोणत्या बाजूला होते, पायवाट कुठून चढत होती, हे मात्र ती चांगले सांगते.

आजच्या १:५०,००० शीटवर १ मिमी म्हणजे ५० मीटर. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून ताडून पाहायचे असतील, तर जुन्या शीटची प्रत मूळच्या १२६.७ टक्के आकाराची काढावी लागते.

कोयना खोऱ्यासाठी कोणत्या शीट लागतात?

आधी क्रमांकाची रीत समजून घ्या, म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही. अक्षांश-रेखांशाचा ४ अंश × ४ अंशांचा मोठा चौकोन म्हणजे एक क्रमांक. ४७ क्रमांकात उत्तर अक्षांश १६ ते २० आणि पूर्व रेखांश ७२ ते ७६ येतात. त्याचे एकेक अंशाचे १६ चौकोन होतात, त्यांना ए ते पी अशी अक्षरे असतात. अक्षरे वरून खाली उतरतात आणि मग उजवीकडच्या पुढच्या स्तंभाला लागतात. म्हणजे ए, बी, सी, डी पहिल्या उभ्या ओळीत, ई, एफ, जी, एच दुसरीत. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते, कारण अक्षरे आडवी मोजली जातात. प्रत्येक अंशाच्या चौकोनाचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ भाग असतात. त्यांना १ ते १६ आकडे आणि तीच वरून खाली उतरण्याची रीत.

या हिशेबाने ४७ जी म्हणजे अक्षांश १७ ते १८ आणि रेखांश ७३ ते ७४. महाबळेश्वर आणि कोयनेचा उगम ४७ जी/९ मध्ये येतो, वासोटा ४७ जी/१० मध्ये. धरणाची जागा म्हणजे हेळवाकजवळची देशमुखवाडी. ती रेखांश ७३°४५′ च्या अगदी जवळ आहे, म्हणून ४७ जी/११ आणि ४७ जी/१५ दोन्ही लागतात. पाटण ४७ जी/१५ मध्ये. नदी हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते, तो संगम ४७ के/३ मध्ये.

तापोळा-बामणोली परिसराची गंमत अशी, की तो ९, १०, १३ आणि १४ या चार शीटांच्या कोपऱ्याजवळ पडतो. कोयनेला मिळणाऱ्या सोळशी आणि कांदाटी नद्यांची खोरी पाहायची तर चारही शीट घ्याव्या लागतात. शेजारच्या दोन शीटांची मोजणी वेगवेगळ्या वर्षांची असेल, तर कडेला वाट तुटलेली दिसते किंवा समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) अर्धा मिलिमीटर हुकतात. हा छपाईचा दोष नव्हे.

या अक्षांशावर एका शीटची चौकट सुमारे ४२ सेंमी रुंद आणि ४३.७ सेंमी उंच असते, म्हणजे जमिनीवर साधारण २६.५ × २७.७ किमी. हातातल्या छापील प्रतीची चौकट मोजून बघा. आकडे जुळले नाहीत तर ती छोटी-मोठी केलेली झेरॉक्स आहे, आणि अशा प्रतीवर पट्टी ठेवून अंतर काढण्यात अर्थ नाही.

माझ्याकडची शीट धरणापूर्वीची आहे हे कसे ओळखायचे?

शिवसागर दिसत नाही एवढ्यावर विसंबू नका, आणि छपाईच्या वर्षावर तर मुळीच नको. समासात साधारण तीन वर्षे सापडतात: मोजणीचे, प्रकाशनाचे आणि पुनर्मुद्रणाचे. १९६० नंतर छापलेल्या कागदावरही मोजणी त्याच्या कितीतरी वर्षे आधीची असू शकते. आपल्याला हवे असते ते मोजणीचे वर्ष.

काळ ठरवायला आणखी खुणा आहेत. जिल्ह्याचे नाव ‘उत्तर सातारा’ असेल, तर ती आवृत्ती १९४९ ते १९६० मधली. सांगली तेव्हा दक्षिण सातारा होती. ‘मुंबई इलाखा’ हा उल्लेख असेल, तर स्वातंत्र्यापूर्वीची. उंची फुटांत आहे की मीटरमध्ये, हेही पाहा. धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले. मोजणी त्याआधीची असेल तर खोरे पूर्ण दिसते.

शीट फक्त काळ्या शाईत असेल आणि डोंगर समोच्च रेषांऐवजी बारीक छायारेषांनी दाखवलेले असतील, तर ती बहुधा १९०५ पूर्वीच्या धाटणीची आहे. १९०४-०५ च्या भारतीय सर्वेक्षण समितीनंतर रंगीत, समोच्च रेषांच्या एक इंची मालिकेचे काम सुरू झाले आणि वर सांगितलेली क्रमांकपद्धत रुळली. त्याआधीच्या शीटचे आकडे वेगळ्या पद्धतीचे असतात, त्यांत ‘४७ जी’ शोधू नये.

उपग्रह नव्हते, तेव्हा हे काढले कसे? आणि भरवसा किती ठेवायचा?

पाया त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा. त्याची सुरुवात विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळच्या आधाररेषेपासून केली. डोंगरमाथ्यांवरच्या त्रिकोणन स्थानांची जागा आणि उंची आधीच काढलेली असे. ती स्थाने प्लेन टेबलावर, म्हणजे तिपाईवरच्या सपाट तक्त्यावर, ताणून बसवलेल्या कागदावर मांडत आणि सर्वेक्षक तो तक्ता घेऊन खोऱ्यात उतरे. तीन ओळखीची शिखरे दिसतील अशा जागी तक्ता लावायचा, दिशा जुळवायची, शिखरांवरून मागे रेघा ओढायच्या. रेघा एका बिंदूत मिळाल्या तर आपली जागा तीच. त्यांचा छोटा त्रिकोण झाला तर तक्ता किंचित फिरवून पुन्हा. उंचीसाठी क्लिनोमीटरने चढ-उताराच्या कोनाचा टॅन्जन्ट वाचत आणि त्याला नकाशावरच्या अंतराने गुणत.

यातून भरवशाची प्रतवारी आपोआप ठरते. त्रिकोणी चिन्हाची शिखरे सर्वांत पक्की. मग मंदिरे, खिंडी, नदीचे संगम, कारण त्यांवर दोन-तीन ठिकाणांहून नेम धरता येई. समोच्च रेषा मात्र मोजलेल्या काही उंचीबिंदूंच्या मध्ये डोळ्यांनी बघत काढलेल्या असत. दाट रानाच्या ओढ्यात, जिथून एकही शिखर दिसत नाही, तिथे रेघ अंदाजाची आहे असे समजूनच चाला. कांदाटीच्या बाजूच्या रानातल्या वाटांसाठी हे विशेष लक्षात ठेवा.

समोच्च रेषेत अर्ध्या अंतराची, म्हणजे ५० फुटी रेषांवर २५ फुटांची चूक धरली, तर १५ अंशांच्या उतारावर ती आडवी सुमारे २८ मीटर सरकते. ३ अंशांच्या सपाटीवर तीच चूक १४५ मीटर होते. म्हणजे खोऱ्याच्या उभ्या कुशीत रेषा विश्वासू, आणि नदीकाठच्या भातखाचरांच्या सपाटीत, जिथे गावे होती, तिथेच सैल.

चिन्हे आणि रंग कसे वाचायचे?

रंगीत शीटवर तपकिरी म्हणजे समोच्च रेषा, निळे पाणी, हिरवे झाडी आणि रान, पिवळे लागवडीखालची जमीन, लाल रस्ते आणि वस्ती, काळे म्हणजे नावे, सीमा आणि कोरडी पात्रे. कोयना खोऱ्यात नदीकाठचे पिवळे पट्टे आणि त्यांतले लाल ठिपके पाहिले, की बुडाले ते काय याचा अंदाज येतो.

वाटांत फरक करा. दुहेरी तुटक रेघ ही गाडीवाट. एकेरी तुटक रेघ ही लमाणी बैलांची, ओझ्याच्या जनावरांची वाट. ठिपक्यांची ती पायवाट. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा बहुतेक शेवटच्या दोन प्रकारांत मोडतात, कुंभार्ली घाटाचा रस्ता त्यांत वेगळा उठून दिसतो.

आकड्यांचे तीन प्रकार असतात. त्रिकोणाजवळचा आकडा त्रिकोणन स्थानाची उंची, साध्या ठिपक्याजवळचा उंचीबिंदू, आणि आकड्यापुढे बारीक ‘आर’ असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हेच. ती आजूबाजूच्या जमिनीपासूनची सापेक्ष उंची किंवा खोली. ओढ्याच्या काठाशी ‘१५ आर’ दिसले, तर काठ पंधरा फूट खोल आहे. ते १५ फूट उंचीचे ठिकाण समजून गोंधळणारे दर वेळी भेटतात.

दोन समोच्च रेषांमधले उभे अंतर तळाच्या टिपेत दिलेले असते. बहुधा ते ५० फूट असते, पण डोंगराळ शीटवर १०० फूटही आढळते, म्हणून टीप वाचल्याशिवाय मोजायला बसू नका. ५० फुटी शीटवर दोन रेषा कागदावर अर्धा मिलिमीटर अंतरावर असतील, तर उतार सुमारे २६ अंश. ०.३ मिमी असतील तर ३९. त्याहून उभा कडा आला की रेषा एकमेकींत मिसळतात, म्हणून तिथे फक्त जाड रेषा ठेवतात किंवा कड्याचे चिन्ह काढतात.

धरणाचे पाणी कुठवर आले, ते या नकाशावर आखता येईल का?

येईल, आणि या शीटचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी सुमारे २,१६३ फूट असते. जुनी शीटही फुटांतच असल्याने रूपांतराची कटकट नाही.

२,१५० फुटांची रेषा शोधा. ती रंगीत पेन्सिलीने ट्रेसिंग कागदावर उतरवा, मूळ नकाशावर कधीही नको. हेळवाककडून सुरुवात करून उत्तरेकडे सरका. प्रत्येक ओढ्यात रेषा आत शिरून परत बाहेर येईल, सोळशी आणि कांदाटीत तर बरीच आत. मग २,२०० ची रेषाही काढा. दोन्हींतल्या अंतराचा पाव भागाहून थोडा जास्त वर चढलात की भरलेल्या धरणाची कड मिळते. शीट १०० फुटी असेल, तर २,१०० पासून मोजत अंतराचा सुमारे पाच-अष्टमांश भाग वर जा.

जिथे हमखास फसते, ते म्हणजे रेषेचा आकडा. ठळक रेषा दर २५० फुटांनी असते आणि तिच्यावरच आकडा छापलेला असतो. २,२५० ची ठळक रेषा धरून खाली उतरताना एक रेषा राहिली, की काठ पन्नास फुटांनी चुकतो. म्हणून दर दोन इंचांवर उंचीबिंदू पाहून ताळा करा.

दरवाज्यांची उंची नंतर वाढवली गेली आणि साठा ९८.७८ टीएमसीवरून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) १०५.२५ टीएमसी झाला. त्यामुळे जुन्या कागदपत्रांतली पूर्ण पातळी आजच्यापेक्षा कमी दिसते. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून नकाशाला दोष देऊ नका.

बुडालेल्या भागाचे क्षेत्रफळ कसे काढू?

एक इंची नकाशावर एक सुंदर योगायोग आहे. १ चौरस मिलिमीटर म्हणजे ४,०१४ चौरस मीटर, आणि एक एकर म्हणजे ४,०४७. फरक एक टक्क्याहून कमी, म्हणून चौरस मिलिमीटर मोजले की एकर मिळाले. मिलिमीटरचा आलेख कागद ट्रेसिंगखाली ठेवा, पूर्ण चौकोन मोजा, अर्ध्याहून जास्त असलेले एक धरा आणि बाकीचे सोडून द्या. एका गावाच्या शिवाराएवढ्या तुकड्याला हे पुरते. अचूक हिशेब हवा असेल तर १ चौरस इंच म्हणजे ६४० एकर.

याच योगायोगाने साठवणही निघते. लागोपाठच्या दोन समोच्च रेषांनी वेढलेली पूर्ण क्षेत्रे एकरांत घ्या, सरासरी काढा आणि ५० ने गुणा. उत्तर एकर-फुटांत येते. १ टीएमसी म्हणजे सुमारे २२,९५७ एकर-फूट. सरासरी १,००० चौ. मिमीचा थर असेल तर ५०,००० एकर-फूट, म्हणजे २.१८ टीएमसी. थर एकावर एक मिळवत जा. उत्तर अधिकृत साठ्याच्या दहा-पंधरा टक्क्यांत आले, तरी हाताने केलेल्या कामाला चांगलेच म्हणायचे.

स्कॅन करताना काय काळजी घ्यायची?

सपाट स्कॅनर, ४०० डीपीआय, टिफ फाइल. या घनतेला एक पिक्सेल जमिनीवर ४ मीटरचा होतो, ३०० ला ५.४ मीटरचा. त्याहून बारीक स्कॅन केल्याने फक्त फाइल फुगते, कागदाच्या छपाईत तेवढे बारीक काही नसते. मोबाइलचा फोटो वाचायला ठीक, मोजायला नाही, कारण कडा तिरप्या होतात आणि भिंगाचा फुगवटा येतो.

कापडावर चिकटवलेल्या घडीच्या नकाशांना वेगळी वागणूक द्यावी लागते. ते तुकडे करून मध्ये एक-दोन मिलिमीटरची फट ठेवून चिकटवलेले असतात, म्हणजे प्रत्येक घडीला जमिनीवरचे ६० ते १२५ मीटर वाढतात. अशा नकाशाचा प्रत्येक तुकडा वेगळा काढून नंतर जोडायचा.

कागद दमटपणाने वाढतो आणि वाळला की आखडतो, तोही एका दिशेने जास्त. एक टक्का आकसला तर पूर्ण उंचीत ४.४ मिमी, म्हणजे जमिनीवर २७५ मीटरांहून जास्त. पावसाळ्यात स्कॅन न केलेले बरे.

क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये शीट बसवली, पण सगळे सरकले. का?

किती सरकले, ते आधी मोजा. उत्तर तिथेच आहे.

शंभर-दीडशे मीटर सरकले असेल, तर आधारपद्धतीचा घोळ. जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर), मध्य प्रदेशातील सिरोंजजवळच्या कल्याणपूरच्या आधाराने बांधलेले आहेत, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या आधारपद्धतीवर चालते. या भागात दोन्हींतला फरक साधारण तेवढाच येतो, कागदावर दोन मिलिमीटर. जिओरेफरन्सरमध्ये (शीट जागेवर बसवण्याच्या साधनात) कोपऱ्यांची मूल्ये टाकताना निर्देशप्रणाली ‘कल्याणपूर १९७५’ म्हणजे ईपीएसजी ४१४६ निवडा आणि रूपांतरासाठी २९५, ७३६, २५७ मीटर हे तीन सरकवणुकीचे आकडे वापरा. प्रोग्रॅमने रूपांतर विचारल्यावर ‘बॅलपार्क’ नावाचा पर्याय घेतला, तर काहीच सरकत नाही आणि चूक तशीच राहते.

सुमारे ४.३ किलोमीटर पूर्वेकडे सरकले असेल, तर शीट फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातले रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर आधारलेले होते आणि त्यांत सुमारे २ मिनिटे २७ सेकंद जास्त होते. समासात बारीक अक्षरांत तशी टीप बहुधा असते. प्रत्येक रेखांशातून तेवढे वजा करून पुन्हा बसवा.

एका कोपऱ्यात बरोबर आणि दुसऱ्यात चुकीचे असेल, तर कागद आखडलाय किंवा बिंदू कमी घेतलेत. चार कोपऱ्यांवर थांबू नका. १५ मिनिटांच्या शीटवर दर ५ मिनिटांच्या रेषांच्या छेदांचे १६ बिंदू मिळतात, ते सगळे घ्या. बसवण्याची पद्धत बहुपदी (पॉलिनॉमियल), पहिल्या किंवा दुसऱ्या घाताची ठेवा. थिन प्लेट स्प्लाइन वापरले की शिल्लक चूक शून्य दाखवली जाते आणि चुकीचा टाकलेला बिंदूही निमूटपणे गिळला जातो. शिल्लक चूक अर्ध्या मिलिमीटरच्या, म्हणजे ३० मीटरच्या आत आली की पुरे.

ताळा घेताना डोंगरमाथे, वासोट्याचा माथा, घाटमाथ्यावरच्या खिंडी वापरा. रस्ते वापरू नका, धरणानंतर ते हललेत.

आमच्या गावाचे नाव नकाशावर नाही.

बहुधा आहे, फक्त ओळखू येत नाही. नावे रोमन लिपीत आहेत आणि तिथे ड आणि द, ट आणि त, ल आणि ळ, न आणि ण यांना एकेकच अक्षर मिळते. ‘सोळशी’ शोधणाऱ्याला ‘सोलशी’ म्हणून वाचावे लागते. शेवटचा ‘े’ इंग्रजी पद्धतीने वाचला, तर ‘दरे’चे काहीतरी भलतेच होते. अक्षरे मनात मराठीत परत उलटवून, मोठ्याने म्हणून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवलेत तर ते चटकन ओळखतील.

मोठ्या गावाच्या वाड्यांना कधी नाव असते, कधी फक्त लाल ठिपके. अक्षरांचा आकार गावाच्या मोठेपणानुसार बदलतो, त्यामुळे आठ-दहा घरांच्या वाडीचे नाव भिंगानेच दिसते. नाव कोणत्या ठिपक्याचे, याबद्दल शंका आली तर साधारण नियम असा, की नाव वस्तीच्या उजवीकडे असते, पण जागा नसेल तर कुठेही ढकलतात.

पुनर्वसनाच्या दाव्यात हा नकाशा पुरावा म्हणून चालेल का?

गाव त्या ठिकाणी होते, त्याची वाट इकडून जात होती, एवढे दाखवायला पूरक म्हणून जोडता येतो. जमिनीच्या हद्दीसाठी त्याचा उपयोग नाही. सर्व्हे नंबर त्यावर नसतात आणि एका चौरस मिलिमीटरात एकरभर जमीन मावते. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडचा गावनकाशा, जुना सातबारा आणि भूसंपादनाची कागदपत्रे लागतात. टोपोशीटवरून हद्द सांगणारा नकाशा कुणी पैसे घेऊन करून देत असेल, तर तो घेऊ नका.

मिळवायचा कुठे?

सध्याच्या १:५०,००० शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर मिळतात. जुन्या एक इंची शीट विद्यापीठांच्या भूगोल विभागांत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि परदेशी ग्रंथालयांच्या ऑनलाइन संग्रहांत शोधाव्यात. किनाऱ्याजवळच्या शीट पूर्वी प्रतिबंधित असत, म्हणून जुन्या प्रतींवर तसा शिक्का दिसतो. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर नकाशांचा वापर बराच मोकळा झाला. अमेरिकन सैन्याच्या १:२,५०,००० मालिकेत हा भाग आहे आणि ती टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. पण त्या मापात १ मिमी म्हणजे २५० मीटर. गाव शोधायला ती कमी पडते, खोऱ्याचा आवाका समजायला छान.

नकाशावर ठरवलेल्या जागी प्रत्यक्ष जाता येईल का?

पाणी सर्वांत खाली असते तेव्हा, म्हणजे पावसाच्या आधी मे-जूनमध्ये. त्या दिवसाची धरणाची पातळी वर्तमानपत्रात येते. ती फुटांत घ्या आणि आपल्या जागेची नकाशावरची उंची तिच्यापेक्षा जास्त आहे का, ते बघा. जास्त असेल तर जागा उघडी पडण्याची शक्यता. फरक २५ फुटांपेक्षा कमी असेल, तर नकाशाची चूक आणि खरी पातळी यांत निवाडा होत नाही. मग काठावर जाऊनच कळते.

पश्चिम काठाचा बराच भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे वनविभागाची परवानगी घेऊनच, बामणोलीहून लाँचने जावे लागते. गाळाची जमीन वरून वाळलेली दिसते आणि पाय घातला की गुडघ्यापर्यंत आत जातो. नुकत्याच उघड्या पडलेल्या पट्ट्यात काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका.